मीटर शून्य दाखवतोय, मग हात लावू का?

वाचकांचे प्रश्न : सीएनजी, एलपीजी, विजेच्या आणि हायड्रोजनच्या गाड्यांवर काम शिकणाऱ्यांसाठी

या वेळच्या पत्रांत गाडीमालकांपेक्षा गाडी दुरुस्त करणाऱ्यांची पत्रं जास्त आली, याचा मला फार आनंद झाला. पर्यायी इंधनाची चर्चा सुरू झाली की ती गाडी किती किलोमीटर चालते आणि चार्जर कुठे आहे, एवढ्यावरच संपते. त्या गाडीखाली आडवं होऊन काम करणाऱ्याला कोणी काय शिकवलं, हे फारसं कोणी विचारत नाही. मी आधी गॅसवरच्या बसगाड्यांच्या वर्कशॉपमध्ये काम केलं आणि आता टेक्निशियनना शिकवते. उत्तरं त्याच कामातून देते आहे.

प्रश्न : ताई, मी हायब्रिड आणि इलेक्ट्रिक गाड्यांच्या वर्कशॉपमध्ये नुकताच लागलोय. आमचे उस्ताद म्हणतात, बारा व्होल्टची बॅटरी काढली, रबरी हातमोजे घातले की झालं. कंपनीच्या पुस्तकात मात्र पानभर पायऱ्या आहेत. तेवढं सगळं खरंच करायचं असतं का?

उत्तर : सगळं करायचं असतं. तुझ्या उस्तादांचं म्हणणं अर्धं बरोबर आहे, आणि मला काळजी त्याचीच वाटते. साफ चुकीची गोष्ट पहिल्याच दिवशी उघडी पडते. अर्धी बरोबर असलेली वर्षानुवर्षं चालून जाते.

बारा व्होल्ट तोडल्यावर काय होतं ते बघ. मोठ्या बॅटरीच्या पेटीत कॉन्टॅक्टर असतात, म्हणजे दणकट रिले. त्यांच्या कॉइलला बारा व्होल्ट मिळतात तोवर ते चिकटून राहतात. ते व्होल्ट गेले की कॉन्टॅक्टर सुटतात आणि नारिंगी, म्हणजे मोठ्या व्होल्टेजच्या, केबलकडे जाणारी वाट तुटते. उस्तादांचा अनुभव इथपर्यंत खरा आहे. पण कॉन्टॅक्टरचे पॉइंट कधी कधी ठिणगीने एकमेकांना वेल्ड होतात. मग कॉइल सुटली तरी पॉइंट सुटत नाहीत. गाडी ‘रेडी’ अवस्थेत असेल तर मोठ्या बॅटरीतून बारा व्होल्ट बनवणारा डीसी-डीसी कन्व्हर्टर बारा व्होल्टची लाइन स्वतःच पुरवत राहतो, बॅटरी काढली तरी. शिवाय इन्व्हर्टर, म्हणजे बॅटरीची डीसी वीज मोटरसाठी एसी करणारा भाग, त्यातल्या वीज साठवणाऱ्या कपॅसिटरमध्ये चार्ज उरलेला असतो. पुस्तकात पाच मिनिटं, दहा मिनिटं थांबा असं लिहिलेलं असतं ते त्यासाठी, आणि ती मिनिटं घड्याळ लावून मोजायची. राहिली बॅटरीची पेटी. ती कधीच बंद होत नाही. सर्व्हिस प्लग, म्हणजे हाताने काढायचा जोड, काढल्याने बऱ्याच पेट्यांतलं सर्किट मध्येच तुटतं, पण आतले सेल भरलेलेच राहतात. ६० व्होल्ट डीसी किंवा ३० व्होल्ट एसीच्या वर गेलं की गाड्यांची आंतरराष्ट्रीय मानकं त्याला धोक्याच्या वर्गात धरतात. तुझ्यासमोरच्या इलेक्ट्रिक गाडीत बहुधा ३०० ते ४०० व्होल्ट असतील, काही नव्या गाड्यांत ८००.

म्हणून क्रम पाळायचा. गाडी बंद, चार्जरची वायर काढलेली. चावी लांब कुलपात, कारण खिशातली चावी जवळ आली तरी काही गाड्या जाग्या होतात. मग बारा व्होल्ट तोडायचे. मग सर्व्हिस प्लग काढायचा आणि तोही कुलपात टाकायचा, म्हणजे चहा पिऊन आलेला दुसरा कोणी ‘राहिला वाटतं’ म्हणून परत बसवणार नाही. काही गाड्यांत हाताने ओढायचा प्लगच नसतो. तिथे कमी व्होल्टेजचा एक जोड तोडायचा असतो, तो कुठे आहे हे त्या गाडीचंच पुस्तक सांगेल. मग थांबायचं. मग मोजायचं.

आता हातमोजे. वर्ग ० चे हवेत, म्हणजे १००० व्होल्ट एसी आणि १५०० व्होल्ट डीसीपर्यंतचे, आणि त्यांच्यावर चामड्याचे, कारण रबराला एक बारीक टोचा पुरतो. घालण्याआधी प्रत्येक वेळी तपासायचे. मोज्याचं तोंड दोन्ही हातांनी धरायचं, गुंडाळत न्यायचं, आत हवा कोंडली की बोटं फुगून ताठ होतात. मग तो फुगलेला मोजा गालाशी न्यायचा. सुईच्या टोकाएवढं भोक असलं तरी गालाला गार हवेची बारीक धार लागते, कानाला सुसकारा ऐकू येतो. बोटांच्या बेचक्यांत विशेष बघायचं, मोजे तिथेच आधी तडकतात. नुसता घडी घालून ड्रॉवरमध्ये पडलेला मोजाही घडीवर तडकतो, म्हणून तो न दुमडता सरळ ठेवायचा. आणि त्यावरची चाचणीची तारीख उलटून गेली असेल तर तो मोजा नाहीच असं समजायचं.

मोजण्याबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण माझ्या सगळ्या शिकवण्याचा गाभा तोच आहे. माझ्या वर्गात एक मीटर मी मुद्दाम ठेवलेला आहे. त्याच्या लाल वायरीतलं तांबं प्रोबच्या मानेपाशी, इन्सुलेशनच्या आत तुटलेलं आहे. बाहेरून मीटर नवाकोरा दिसतो. मुलं सगळ्या पायऱ्या नीट करतात, प्रोब टेकवतात, आकडा शून्य येतो आणि ती मोठ्याने म्हणतात, “डेड.” मग मी त्यांना तोच मीटर शेजारच्या बारा व्होल्टच्या चांगल्या बॅटरीला लावायला सांगते. तिथेही शून्य. त्या क्षणी वर्गात जी शांतता होते ती कुठल्याही व्याख्यानाने होत नाही.

तेव्हा आधी मीटर एखाद्या माहीत असलेल्या जिवंत जागी लावून तो चालतो हे बघायचं, मग जिथे काम करायचंय तिथे मोजायचं, आणि नंतर पुन्हा त्याच जिवंत जागी लावून बघायचं. तीन वेळा, याच क्रमाने. मधल्या मोजणीत धन आणि ऋण एकमेकांशी, आणि दोन्ही गाडीच्या बॉडीशीही. मीटर कॅट ३ या सुरक्षिततेच्या वर्गातला, १००० व्होल्टचा. आणि हे करताना एकट्याने राहायचं नाही. शेजारी असा माणूस हवा, ज्याला विजेला चिकटलेल्याला ओढून काढायचा इन्सुलेटेड आकडा कुठे टांगलाय आणि छातीवर दाब कसा द्यायचा, दोन्ही ठाऊक आहे.

उस्तादांशी वाद घालू नकोस. तुटक्या वायरीचा एक मीटर त्यांच्यापुढे ठेव आणि त्यांनाच मोजायला सांग. ज्याने आयुष्यभर हाताने काम केलंय त्याला हे लगेच पटतं.

प्रश्न : माझ्या गॅरेजमध्ये एक जुना इंजिनाचा मिस्त्री, एक वायरिंगवाला आणि दोन शिकाऊ पोरं आहेत. सीएनजीच्या गाड्या रोज येतात, हायब्रिड अधूनमधून, पूर्ण इलेक्ट्रिक क्वचित. सगळ्यांना सगळं शिकवायला वेळ नाही. कुणाला कशाच्या कोर्सला पाठवू?

उत्तर : तुम्ही चौघांचा हिशेब सांगितलात, मला पाचवा आणि सहावा दिसतोय. गाडी धुणारा आणि ती आतबाहेर लावणारा. हायब्रिड गाडी रेडी अवस्थेत उभी असताना इंजिन बंद असतं, आवाज नसतो, आणि तिच्या मनात येईल तेव्हा इंजिन सुरू होतं. बॉनेटमध्ये हात घालून पाणी मारणाऱ्याला हे माहीत नसेल तर पट्ट्यात बोटं जाण्याचा धोका त्यालाच.

जर्मनीत अपघात विमा संस्थांच्या डीजीयूव्ही या शिखर संघटनेने यासाठी तीन पायऱ्या ठरवल्या आहेत आणि मला त्या फार शहाणपणाच्या वाटतात. पहिली पायरी : नारिंगी केबलच्या गाडीजवळ काम करणाऱ्या प्रत्येकाला काय ओळखायचं आणि कशाला हात लावायचा नाही, हे सांगणं. दुसरी : गाडी व्होल्टेजमुक्त करून काम करणारा. तिसरी : व्होल्टेज असतानाच काम करणारा, म्हणजे पेटी उघडून आतले मोड्यूल बदलणारा. तुमच्या गॅरेजला आज पहिल्या पायरीवर सगळे आणि दुसरीवर एक माणूस हवा. तिसरीची घाई अजिबात करू नका. पेटी उघडायची वेळ आली तर ती त्या कामाच्या जागी पाठवा.

दुसऱ्या पायरीवर वायरिंगवाल्याला पाठवा. त्याला सर्किट वाचता येतं, मीटर धरता येतो, अर्धं काम झालेलं आहे. जुन्या मिस्त्रींना गॅसचं शिक्षण द्या; रोजचं काम तेच आहे, आणि वॉल्व्ह सीट घासली आहे की इग्निशन कमी पडतंय हे त्यांना कुणापेक्षाही लवकर कळेल. गॅस कोरडा जळतो, द्रव पेट्रोलसारखा तो वॉल्व्हला गारवा देत नाही. शिवाय मिथेन, म्हणजे सीएनजीतला मुख्य वायू, पेटायला ठिणगी जोरकस लागते, म्हणून पेट्रोलवर गुपचूप चालून गेलेला थकलेला प्लग किंवा कॉइल गॅसवर लगेच मिसफायर देते. हे ज्ञान त्यांच्याकडे आहेच, त्याला फक्त नवी चौकट द्यायची आहे.

तुम्ही विचारलं नाहीत, पण एसीचं काम कोण करतं? त्याला विसरू नका, कारण मी पाहिलेल्या महागड्या बिघाडांपैकी बरेच तिथूनच सुरू झाले. साध्या गाडीचा एसी कॉम्प्रेसर पट्ट्यावर फिरतो आणि त्यात बहुधा पीएजी तेल असतं. इलेक्ट्रिक आणि बऱ्याच हायब्रिड गाड्यांत कॉम्प्रेसरची मोटर आतच असते, तीही मोठ्या व्होल्टेजवर, आणि तिच्या गुंडाळ्या त्या तेलातच न्हालेल्या असतात. तिथे वीज न वाहू देणारं पीओई तेल लागतं. साध्या गाडीला वापरलेलं मशीन होज न धुता तसंच लावलं आणि थोडं पीएजी आत गेलं तरी इन्सुलेशनचा रेझिस्टन्स घसरतो. गाडी ‘हाय व्होल्टेज गळती’चा फॉल्ट दाखवते आणि सुरूच होत नाही. मग बॅटरी तपासा, मोटर तपासा, केबल तपासा, आणि कारण निघतं एसीचं तेल. एवढी एक गोष्ट एसीवाल्याला शिकवलीत तर कोर्सचं सार्थक झालं.

ब्रेकवाल्यालाही एक वाक्य सांगा. या गाड्या मोटरनेच बरंचसं ब्रेकिंग करतात, त्यामुळे ब्रेकचे पॅड फारसे झिजत नाहीत. पण वापरात नसल्याने डिस्क गंजते आणि कॅलिपरच्या पिना अडकतात. ‘पॅड नवे दिसतात, पुढे चला’ म्हणायचं नाही, पिना काढून ग्रीस करायच्या. आणि लिफ्टवर घेताना लिफ्टचे पॅड कुठे टेकतात ते बघा, गाडीच्या पोटाशी बॅटरी आहे.

प्रमाणपत्राबद्दल विचारलंत तर, अमेरिकेत एएसई ही संस्था सीएनजीसाठी एफ१ आणि हायब्रिड-इलेक्ट्रिकसाठी एल३ अशा वेगळ्या परीक्षा घेते. वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठात तर फक्त पर्यायी इंधनांच्या प्रशिक्षणासाठीचा राष्ट्रीय संघ १९९२ पासून आहे. ब्रिटनमध्ये आयएमआय या मोटर उद्योगाच्या संस्थेची पात्रता आहे. तुमच्याकडे जी मान्यताप्राप्त असेल ती घ्या, पण निवडताना एकच विचारा : शिकणाऱ्याचे हात किती तास गाडीवर असतील? नुसत्या स्लाइड दाखवणारा कोर्स असेल तर पाठवू नका. आणि परत आल्यावर त्याच आठवड्यात त्याच्या हातात तसं काम द्या. इन्सुलेटेड पाने आणि मोजे आणून ठेवलेले नसतील तर तो शिकलेलं सगळं विसरेल, आणि त्याचा दोष त्याचा नसेल.

प्रश्न : मी सीएनजी किटचं काम करतो. गळती आहे की नाही हे मला वासावरूनच कळतं, कधी चुकलो नाही. तरी प्रशिक्षणात सारखं डिटेक्टर वापरा म्हणतात. दुसरं म्हणजे, एका गाडीचा रेग्युलेटर बर्फाने पांढरा होतो आणि चढावर गाडी दम तोडते. रेग्युलेटर बदलू का?

उत्तर : आधी रेग्युलेटर. बदलू नका, त्याच्याकडे जाणाऱ्या कूलंटच्या दोन्ही होजना हात लावा. इंजिन गरम झाल्यावर दोन्ही होज गरम हव्यात. सिलिंडरमध्ये गॅस सुमारे २०० बारवर असतो, रेग्युलेटर तो काही बारवर आणतो. एवढा दाब एकदम उतरला की गॅस भयंकर गार होतो. ती थंडी मारायला इंजिनाचं गरम कूलंट रेग्युलेटरमधून फिरवलेलं असतं. एक होज गरम आणि दुसरी गार असेल तर आत हवा अडकली आहे किंवा वाट तुंबली आहे. दोन्ही गार असतील तर कूलंट कमी आहे का, थर्मोस्टॅट उघडाच अडकलाय का, ते बघा. चढावर गॅसची मागणी वाढते, थंडी वाढते, म्हणून दम तिथेच तुटतो. सोबत लो-प्रेशर फिल्टर काढून बघा. भरणा केंद्राच्या कॉम्प्रेसरचं तेल गॅसबरोबर येतं आणि फिल्टर व इंजेक्टर दोन्ही चिकट करतं. आणि गॅसचं ट्यूनिंग करण्याआधी गाडी पेट्रोलवर बिनचूक चालते ना, फ्युएल ट्रिम, म्हणजे गाडीचा संगणक इंधनात करतो ती दुरुस्ती, ठिकाणावर आहेत ना, ते तपासा. पेट्रोलवर आजारी असलेली गाडी गॅसवर बरी करता येत नाही.

आता वासाचं. तुमच्या नाकावर माझा विश्वास आहे, पण काम नाकावर सोडू नका. मिथेनला स्वतःचा वास नसतो. आपण हुंगतो तो त्यात मुद्दाम मिसळलेल्या मर्केप्टन या रसायनाचा. नाक त्याला सरावतं, आणि दिवसभर गॅसमध्ये काम करणाऱ्याचं सगळ्यात आधी. सर्दी झालेली असते. आणि पुढे ट्रकवर एलएनजी आलं की वास नसतोच. तो गॅस उणे १६२ अंशांवर द्रव करून भरतात, त्या थंडीत वासाचं रसायन गोठतं, म्हणून मिसळत नाहीत. तिथे डिटेक्टर हाच एक पुरावा.

साबणाचा फेस वापरत असाल तर उत्तम, पण भांडी घासायचं किंवा अमोनिया असलेलं काही वापरू नका. अमोनियाने पितळी फिटिंगला बारीक तडे जातात. गळती शोधण्यासाठीचंच द्रव घ्या. सांधा फसफसताना दिसला तर तो दाबाखाली आवळायचाही नाही आणि सैलही करायचा नाही. सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद करा, इंजिन गॅसवर चालू ठेवा, लाइनमधला गॅस संपून ते बंद पडेल किंवा पेट्रोलवर जाईल. मग गेज बघा, उरलेला दाब मोकळ्या हवेत सोडा, मग पाना लावा.

शेडचंही बघा. मिथेन हवेपेक्षा हलका, तो छताखाली साचतो, म्हणून झरोका वर हवा आणि छतालगतचे दिवे, पंखे ठिणगी न पाडणारे हवेत. एलपीजी उलट, हवेपेक्षा जड, तो जमिनीवरून सरपटत खड्ड्यात उतरतो. ज्या पिटमध्ये उभं राहून आपण काम करतो तिथेच. दोन्ही प्रकारच्या गाड्या घेणाऱ्याने एकच पंखा लावून समाधान मानू नये.

आणि सिलिंडर. तुम्ही किट बसवता म्हणून विनंती करते, प्रत्येक सर्व्हिसला त्याचे पट्टे सोडवून खालचं रबर बघत जा. रबर सरकलेलं असेल तर पट्टा घासून चर पाडतो. तंतूंनी गुंडाळलेल्या कंपोझिट सिलिंडरवर बॅटरीचं ॲसिड सांडलं तर काचतंतू आतून तुटत जातात आणि बाहेर फक्त एक फिकट डाग दिसतो. असा डाग, खोल ओरखडा, आगीची झळ लागल्याची खूण यातलं काही दिसलं तर तपासणीला पाठवायचा, तोवर भरायचा नाही. लेबलवर मुदत छापलेली असते. आयएसओ ११४३९ या मानकानुसार ती जास्तीत जास्त २० वर्षं असू शकते. मुदत संपलेला सिलिंडर कितीही चकचकीत असला तरी निकामी.

प्रश्न : मी तंत्रशिक्षण संस्थेत शिकवते. आमच्याकडे इलेक्ट्रिक गाडी नाही, हायड्रोजनची तर दूरच. नुसत्या फळ्यावर शिकवून मुलं तयार होतील का? आणि परीक्षा कशी घ्यावी?

उत्तर : गाडी नसली तरी बरंच शिकवता येतं. क्रमाची सवय ६० व्होल्टच्या खाली चालणाऱ्या प्रात्यक्षिकाच्या फळ्यावर लागते. त्यावर बसवायचं : बॅटरी, दोन कॉन्टॅक्टर, एक मोठा कपॅसिटर, जोड उघडल्याचं कळवणारी इंटरलॉकची वायर आणि एक प्लग. कपॅसिटरचा दाब मीटरवर हळूहळू उतरताना मुलींनी-मुलांनी स्वतः बघितला की ‘थांबा’ या पायरीचा अर्थ त्यांना पटतो. अपघातात गेलेल्या हायब्रिडचा इन्व्हर्टर मिळाला तर तो कापून ठेवा. टोयोटाची प्रियस १९९७ पासून बाजारात आहे, त्यामुळे हायब्रिडचे जुने सुटे भाग मिळणं आता दुर्मीळ राहिलेलं नाही. जुनी बॅटरी मात्र वर्गात आणू नका, जोवर तिसऱ्या पायरीचं शिक्षण झालेला माणूस हजर नाही.

मी प्रत्येक इंधनाला तेच तीन प्रश्न लावायला शिकवते. शक्ती कुठे साठली आहे? ती कुठून निसटू शकते? आणि ती गेली आहे हे मी कशाने सिद्ध करू? सीएनजीला उत्तर आहे गेज आणि डिटेक्टर, इलेक्ट्रिकला मीटर, एलएनजीला डिटेक्टर आणि थंडीपासून वाचवणारे मोजे. इंधन बदललं तरी मुलं गांगरत नाहीत, कारण प्रश्न तेच राहतात. पाठ्यक्रमात प्रत्येक इंधनाचं वेगळं प्रकरण असतं आणि मुलं ती प्रकरणं वेगवेगळी पाठ करतात. माझी त्यावर नाराजी आहे.

परीक्षेत बिघाड सापडला का, याला मी कमी गुण देते. क्रम पाळला का, याला जास्त. आणि मधेच त्यांना अडवते. मुलगी बारा व्होल्ट तोडून मोजणीकडे वळते आहे, तेवढ्यात तिला हाक मारायची, दुसरं काही काम सांगायचं, पाच मिनिटांनी परत पाठवायचं. खऱ्या वर्कशॉपमध्ये हेच होतं : गिऱ्हाईक येतं, फोन वाजतो. परत आल्यावर ती ‘मघाशी कुठवर आले होते’ हे आठवून पुढे जाते, की पुन्हा मोजून खात्री करते? जी पुन्हा मोजते ती माझ्या मते पास. बाकी सगळं तिला नोकरीत शिकता येईल.

एक बिघाड जरूर ठेवा : बारा व्होल्टची बॅटरी मेलेली. इलेक्ट्रिक गाडी सुरू होत नाही म्हटलं की मुलं थेट मोठ्या बॅटरीकडे धावतात. ही छोटी बॅटरी कमजोर असेल तर कॉन्टॅक्टरच बसत नाहीत आणि सगळी गाडी मुकी होते. हे कारण नेहमी आढळतं आणि स्वस्तात सुटतं.

प्रश्न : इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल हे काही पर्यायी इंधन म्हणावं असं नाही. त्यासाठीही प्रशिक्षण हवं का?

उत्तर : थोडं, पण हवंच. इथेनॉलमध्ये ऊर्जा पेट्रोलच्या सुमारे दोन तृतीयांश, आणि हवेशी प्रमाण ९ ला १, पेट्रोलचं १४.७ ला १. मिश्रणात इथेनॉल जास्त आणि गाडी त्यासाठी बनलेली नसेल तर ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, ट्रिम वाढवत राहतो आणि शेवटी ‘लीन’चा, म्हणजे इंधन कमी पडल्याचा, कोड टाकतो. ऑक्सिजन सेन्सर बदलण्याआधी टाकीत काय आहे ते बघा. इथेनॉल हवेतली ओल ओढून घेतं. महिनोन् महिने उभ्या राहिलेल्या गाडीत पाणी आणि इथेनॉल मिळून तळाशी वेगळा थर बसतो आणि पंप तोच थर उचलतो. जुन्या रबरी होज फुगतात, चिघळतात. अशी गाडी आली की टाकीचा नमुना काचेच्या बाटलीत काढून उजेडात धरा, थर डोळ्यांनी दिसतो.

प्रश्न : हायड्रोजन आता शिकावं की वाट पाहावी?

उत्तर : तुमच्या रस्त्यावर तशा गाड्या धावत नसतील तर दुरुस्ती शिकायची घाई नको, पण गॅस आणि हाय व्होल्टेज दोन्ही पक्कं करा. फ्युएल सेलच्या, म्हणजे हायड्रोजनपासून वीज बनवून चालणाऱ्या, गाडीत ती दोन्ही असतात. टोयोटाची मिराई २०१४ मध्ये आली तेव्हापासून टाकीचा दाब ७०० बार आहे, सीएनजीच्या तिपटीहून जास्त. हायड्रोजन हवेत ४ ते ७५ टक्के या रुंद पट्ट्यात पेटतो. मिथेनचा पट्टा ५ ते १५ टक्के. हायड्रोजनला पेटायला ठिणगीही अगदी किरकोळ पुरते, अंगावरच्या कपड्यांची स्थिर वीजसुद्धा. आणि ज्योत दिवसाउजेडी जवळपास दिसत नाही. डिटेक्टर आणि थर्मल कॅमेरा हाताशी नसताना अशा गाडीला हात लावायला कोणी सांगितलं तर सरळ नाही म्हणा. माझ्या विद्यार्थ्यांनी नाही म्हणायला शिकावं, असं मला मनापासून वाटतं.

प्रश्न : टक्कर झालेली इलेक्ट्रिक गाडी टो करून आमच्याकडे आणली. पुढचा भाग दबलाय, बॅटरीला बाहेरून काही दिसत नाही. रात्री शेडमध्ये इतर गाड्यांसोबत ठेवली तर चालेल का?

उत्तर : नाही. लिथियम बॅटरीला मार लागला तर आतला सेल काही तासांनी, कधी काही दिवसांनीही तापून पेट घेऊ शकतो. गाडी उघड्यावर ठेवा, इतर गाड्या आणि इमारतीपासून निदान १५ मीटर लांब. ढकलत नेऊ नका. चाकं फिरली की मोटर वीज तयार करते, म्हणून ट्रॉलीवर किंवा चारही चाकं उचलून न्या. सर्व्हिस प्लग काढता येत असेल तर शिकलेल्या माणसाकडून काढून घ्या, पण त्याने आतला धोका संपत नाही. जवळ गेल्यावर गोडसर वास, बुडबुडल्यासारखा किंवा फुसफुसण्याचा आवाज, पांढुरका धूर यातलं काही जाणवलं तर पेटी उघडून बघू नका. मागे सरा आणि अग्निशमन दलाला बोलवा. फोनवर पहिल्याच वाक्यात ‘इलेक्ट्रिक गाडी आहे’ असं सांगा, कारण त्यांना पाणी भरपूर आणि बराच वेळ लागणार आहे. थर्मल कॅमेरा असेल तर दर काही तासांनी पेटीचं तापमान लांबूनच नोंदवत राहा. ते वाढत चाललं तर तेही लगेच कळवा. आणि गाडी कुठे उभी केली आहे, कोणाला फोन करायचा, हे रात्रपाळीच्या माणसाला कागदावर लिहून देऊन मगच घरी जा.